मेडिक्लेम असूनही खिशातून किती जाते? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मेडिक्लेम आहे, मग हे एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी, दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, बिलिंगच्या खिडकीवर हमखास ऐकू येतो. रुग्ण बरा झालेला असतो, घरी रिक्षा सांगून ठेवलेली असते आणि फायनल बिलाच्या तळाशी ‘रुग्णाने भरावयाची रक्कम’ म्हणून एक आकडा छापलेला असतो, ज्याची कोणी कल्पनाही केलेली नसते. अशा खिडकीच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षे काढली आहेत. तिथे पुन:पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. उदाहरणांतील रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. त्या कोणत्याही एका रुग्णालयाचे दर नाहीत.

पाच लाखांचा विमा आहे आणि बिल दीड लाखाचे झाले, तरी पैसे का भरावे लागतात?

पाच लाख ही विमा कंपनीची वर्षभराची कमाल मर्यादा असते, प्रत्येक बिल पूर्ण भरण्याची ती हमी नसते. कंपनी बिलाच्या एकूण रकमेकडे न पाहता ते ओळीओळीने वाचते. काही ओळी पॉलिसीत मान्यच नसतात, काही ओळी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मान्य होतात, आणि जे मान्य झाले त्यातलाही काही टक्के वाटा पॉलिसीच्या अटीनुसार रुग्णाकडे राहू शकतो. या तीन चाळण्यांतून जे खाली उरते ते कंपनी भरते. पॉलिसी घेताना मात्र सगळी चर्चा ‘किती लाखांची’ याभोवतीच होते, आणि ज्या पानावर या चाळण्या छापलेल्या असतात ते पान ॲडमिशनच्या दिवशी प्रथमच उघडले जाते.

खोलीभाड्याची मर्यादा म्हणजे नेमके काय? खोली थोडी महाग घेतली तर फक्त भाड्यातला फरकच भरावा लागतो ना?

नाही, आणि सर्वाधिक पैसे याच गैरसमजात जातात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाडे रोज विमा रकमेच्या एक किंवा दोन टक्क्यांपर्यंतच मान्य असते. तीन लाखांच्या पॉलिसीत एक टक्का म्हणजे रोजचे तीन हजार रुपये झाले. घरच्यांनी सोय पाहून पाच हजारांची खोली घेतली, तर दिवसाला दोन हजारांचा फरक आपण भरू, असा हिशेब ते मनाशी करतात. परंतु बहुतेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क, शुश्रूषेचा आकार, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे शुल्क हे सारे दर वाढतात. त्यामुळे कंपनी या सर्व रकमांना त्याच प्रमाणात कात्री लावते. हिला प्रमाणशीर कपात म्हणतात.

पाच दिवसांचे एक बिल घेऊ. खोलीचे पंचवीस हजार, सर्जन, शस्त्रक्रियागृह, भूल, भेटी आणि शुश्रूषा मिळून नव्वद हजार, औषधे चाळीस हजार, तपासण्या वीस हजार आणि पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तू आठ हजार, असे एकूण एक लाख त्र्याऐंशी हजार रुपये झाले. मान्य भाडे तीन हजार आणि घेतलेली खोली पाच हजारांची, म्हणून प्रमाण साठ टक्के. खोलीचे पंधरा हजार आणि नव्वद हजारांपैकी चौपन्न हजार मान्य होतील. औषधे व तपासण्यांचे साठ हजार पूर्ण मिळतील. कंपनी एक लाख एकोणतीस हजार देईल आणि चौपन्न हजार घरच्यांना भरावे लागतील.

आता तोच रुग्ण तीन हजारांच्या खोलीत राहिला असता, तर खोलीचे पंधरा हजार झाले असते, त्या वर्गाच्या दराने नव्वद हजारांचे समजा पंच्याहत्तर हजार झाले असते, बाकी सारे तेवढेच राहिले असते. बिल एक लाख अठ्ठावन्न हजारांचे, कंपनीचा वाटा दीड लाखाचा आणि रुग्णाचा फक्त आठ हजारांचा. बिलात पंचवीस हजारांचा फरक पडला, पण खिशातून जाणाऱ्या रकमेत सेहेचाळीस हजारांचा पडला. गंमत अशी की स्वस्त खोलीतल्या रुग्णासाठी कंपनीला एकवीस हजार रुपये जास्त मोजावे लागले.

या कपातीलाही सीमा आहेत. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये आखून दिलेल्या चौकटीनुसार औषधे, शरीरात बसवायची उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचा आकार यांवर प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार इतर दर बदलतच नाहीत, तिथे ती मुळीच लावता येत नाही. कपातीच्या पत्रात औषधांच्या रकमेलाही साठ टक्क्यांचा गुणाकार केलेला दिसला, तर तो तिथल्या तिथे विचारावा. शिवाय रोज पाच हजारांपेक्षा अधिक भाड्याच्या, अतिदक्षता सोडून इतर खोलीवर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागतो, हेही खोली निवडताना लक्षात असू द्यावे.

ॲडमिशनच्या वेळी ‘आमच्या पॉलिसीत खोलीभाडे किती मान्य आहे?’ एवढा एक प्रश्न रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद पाहणाऱ्या खिडकीवर, विचारावा आणि तेवढ्याच भाड्याची खोली मागावी. ती रिकामी नसेल आणि नाइलाजाने वरच्या वर्गाची घ्यावी लागली, तर तसे रुग्णालयाकडून लेखी घ्यावे व खालची खोली रिकामी होताच रुग्णाला हलवण्याची विनंती करावी.

हातमोजे, मास्क, डायपर यांचे पैसे विम्यातून का मिळत नाहीत?

वैयक्तिक वापराच्या आणि किरकोळ वस्तूंची ६८ नोंदींची एक यादी नियामकाने प्रसिद्ध केली आहे. त्या वस्तूंचे पैसे द्यायचे की नाही हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले आहे आणि बहुतेक साध्या पॉलिसी ते देत नाहीत. याच्या जोडीला आणखी याद्या आहेत, ज्यांतील वस्तू खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या आकारात किंवा उपचाराच्या खर्चात धरल्या गेल्या पाहिजेत, त्यांचे वेगळे पैसे लावणे अपेक्षित नाही. व्यवहारात या दोन प्रकारांची सरमिसळ होते आणि दोन्हींचा भार रुग्णावर पडतो. म्हणून बिलाची एकत्रित रक्कम न घेता प्रत्येक वस्तूची नोंद असलेले तपशीलवार बिल मागावे. थोडा जादा हप्ता भरून अशा वस्तूंसाठी संरक्षण देणारी जोडपॉलिसीही मिळते. मोठ्या शस्त्रक्रियेत ती उपयोगी पडते, दोन दिवसांच्या तापात तिचा फारसा उपयोग नाही.

को-पे आणि डिडक्टिबल यांत फरक काय?

को-पे म्हणजे मान्य झालेल्या रकमेतला रुग्णाचा ठरावीक टक्के वाटा. वरच्या उदाहरणात दीड लाख मान्य झाले आणि को-पे दहा टक्के असेल, तर पंधरा हजार आणि वगळलेल्या वस्तूंचे आठ हजार असे तेवीस हजार भरावे लागतील. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे एकसारख्या अटींवर मिळू लागलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत पाच टक्के को-पे आहे. खोलीभाडे तिच्यात विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, पण रोज पाच हजारांहून अधिक नाही, आणि मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या पाव भागाएवढी किंवा चाळीस हजार, यांपैकी जी कमी ती रक्कम मिळते. ज्येष्ठांच्या पॉलिसींमध्ये को-पे वीस टक्के किंवा त्याहून अधिकही आढळतो.

डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्याआधीचा उंबरठा. तीन लाखांचा उंबरठा असलेली पॉलिसी पहिल्या तीन लाखांना हात लावत नाही. टॉप-अप, म्हणजे असा उंबरठा असलेली जादा पॉलिसी, घेताना इथेच फसगत होते. वर्षात दोनदा ॲडमिट व्हावे लागले आणि दोन्ही वेळा दोन-दोन लाख खर्च आला, तर साधा टॉप-अप प्रत्येक वेळचा खर्च स्वतंत्र मोजतो, उंबरठा एकदाही ओलांडला जात नाही आणि हाती काही पडत नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकत्र खर्च मोजतो, म्हणून त्यातून एक लाख मिळतात. दोघांच्या हप्त्यात फार अंतर नसते; घ्यायचाच तर सुपर टॉप-अप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅशलेस असूनही रुग्णालय डिपॉझिट मागते. ते द्यावे का?

कॅशलेसची प्रक्रिया अशी असते. रुग्णालय कंपनीला किंवा तिच्या वतीने काम पाहणाऱ्या टीपीएला पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवते, त्यात आजार, उपचार आणि अंदाजे खर्च असतो. सुरुवातीला अंशतः रक्कम मंजूर होते आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी येते. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने पूर्वमंजुरीवर एका तासात आणि अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. हे वाचून हायसे वाटते, पण तीन तास मोजायला सुरुवात रुग्णालयाने डिस्चार्जची विनंती कंपनीकडे पाठवल्यावर होते. डॉक्टरांनी सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हटले आणि डिस्चार्ज कार्ड टाइप होऊन फाइल चारला गेली, तर मधल्या सहा तासांचा जाब कंपनीला विचारता येत नाही.

पूर्वमंजुरी येईपर्यंत अनेक रुग्णालये डिपॉझिट घेतात. द्यावेच लागले, तर पावतीवर ‘परतावायोग्य’ असे लिहून घ्यावे आणि अंतिम बिलात ते वजा झाल्याची खात्री करावी. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी आहे. तातडीचे प्राथमिक उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे, त्यामुळे पैसे किंवा कागद नाहीत म्हणून ते अडवून ठेवता येत नाहीत.

रुग्णालय कंपनीच्या जाळ्यात (कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांत) नसेल, तर आधी पूर्ण बिल स्वतः भरायचे आणि नंतर क्लेम करायचा, हा जुना मार्ग आहेच. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा परिषदेच्या पुढाकाराने जाळ्याबाहेरच्या रुग्णालयांतही कॅशलेस मिळण्याची सोय सुरू झाली. तिच्यासाठी ठरवून केलेल्या उपचारांच्या किमान ४८ तास आधी, आणि तातडीच्या वेळी ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावे लागते. रुग्णालयाची तयारी असावी लागते, ही त्यातली खरी अडचण.

विमा आहे म्हटले की बिल फुगते, हे खरे आहे का?

प्रश्न अवघड आहे आणि सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकाच रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे अनेक दर असू शकतात: रोख भरणाऱ्याचा, एखाद्या कंपनीशी करार करून ठरवलेला, आणि सरकारी योजनेच्या पॅकेजचा. करारातला दर बहुधा छापील दरापेक्षा कमी असतो, त्यामुळे जाळ्यातल्या रुग्णालयात विमाधारकाचे एकूण बिल कमीही येऊ शकते. करारातल्या दरात जे समाविष्ट आहे, त्याचे वेगळे पैसे रुग्णाकडून घेणे योग्य नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पैसे कंपनी देणार म्हटल्यावर एक दिवस जास्त राहायला कोणाची हरकत नसते; ना रुग्णाची, ना रुग्णालयाची. रोखीने भरणारा माणूस घासाघीस करतो, ‘साहेब, काहीतरी कमी करा’ म्हणतो आणि थोडेफार कमी होतेही. विमाधारक ती घासाघीस करत नाही. मग कंपनी ‘वाजवी आणि रूढ दर’ या अटीकडे बोट दाखवून रक्कम कापते आणि तो फरक पुन्हा रुग्णाच्याच अंगावर येतो, विशेषतः आधी पैसे भरून नंतर मागणाऱ्याच्या. शिवाय वाढीव बिलामुळे वर्षाची विमा रक्कम लवकर संपते, ती वेगळीच.

म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी खोलीच्या प्रत्येक वर्गाचे लेखी अंदाजपत्रक आधीच मागावे. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी रुग्णालयाने प्रमुख सेवांचे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ते फलक कुंडीच्या किंवा पडद्याच्या मागे गेलेले असले, तरी विचारण्याचा हक्क तिथेच असतो.

सोलापुरातून पुण्याला किंवा मुंबईला हलवावे लागले, तर विम्यावर परिणाम होतो का?

होऊ शकतो. काही पॉलिसींमध्ये शहरांचे झोन केलेले असतात. लहान शहरातल्या पत्त्यावर हप्ता कमी पडतो, पण उपचार मोठ्या शहरांच्या झोनमध्ये घेतले तर दाव्यातून ठरावीक टक्के कापले जातात. सोलापूरच्या कुटुंबांना ही अट हमखास भोवते, कारण मेंदू, यकृत किंवा अवयव प्रत्यारोपण अशा गंभीर बाबतीत पुणे गाठण्याचा इथला जुना परिपाठ आहे. पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी थोडा जादा हप्ता भरून वरचा झोन घेता येतो. रुग्णवाहिकेचे भाडे बऱ्याच पॉलिसींत थोड्या हजारांच्या मर्यादेत मिळते, आणि कार्डिॲक रुग्णवाहिकेतून अडीचशे किलोमीटर जायचे तर ती मर्यादा अपुरी पडते.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाला काही भरावे लागते का?

योजनेत मंजूर झालेल्या उपचारांसाठी नाही. ही योजना ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला आजचे नाव मिळाले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालवली जाते आणि पाच लाखांचे संरक्षण शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता राज्यातील सर्व कुटुंबांना खुले झाले आहे. पांढरी शिधापत्रिका असलेले पुष्कळ लोक अजूनही ‘ते आपल्यासाठी नाही’ असे गृहीत धरतात.

पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि घरी परतण्याचे एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही धरलेले असते. मात्र तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: रुग्णालय योजनेशी संलग्न असले पाहिजे, उपचार योजनेच्या यादीत असले पाहिजेत आणि त्या रुग्णालयाची ती विशिष्ट शाखा संलग्न असली पाहिजे. हृदयरोगासाठी संलग्न असलेले रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी संलग्न असेलच असे नाही. संलग्न रुग्णालयात योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतो; शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला ॲडमिशनच्या दिवशीच गाठावे. आधी रोख भरून मागाहून योजनेत टाकू, हा विचार बहुतेक वेळा फसतो. चौकशीसाठी १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे निःशुल्क क्रमांक आहेत.

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपल्या सर्वांचे ‘सिव्हिल’, इथे योजनेत न बसणाऱ्या आजारांवरही नाममात्र खर्चात उपचार होतात. कर्नाटकातल्या इंडी, विजयपूर, आळंद भागातले नातेवाईक उपचारांसाठी इथे आले, तर त्यांना महाराष्ट्राची योजना सहसा लागू होत नाही. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असल्यास ते दाखवून आरोग्यमित्राकडून पात्रता तपासून घ्यावी.

आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना वेगळे काही मिळते का?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे वेगळे संरक्षण मिळते. त्यासाठी आधार पुरेसे आहे. खासगी मेडिक्लेम असलेल्यांनाही हे कार्ड काढता येते आणि ते काढून ठेवावे, कारण मेडिक्लेमची रक्कम अतिदक्षता विभागात आठवड्यातच संपू शकते. केंद्राच्या क्रमांकावर, १४५५५ वर, माहिती मिळते.

कारखान्यात काम करतो, पगारातून ईएसआय कापले जाते. मेडिक्लेम घ्यावा का?

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अशी वर्गणी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. तिच्या बदल्यात कामगार आणि कुटुंबाला औषधोपचार मिळतात, त्याला मेडिक्लेमसारखी लाखांची मर्यादा नसते, शिवाय आजारपणाच्या रजेत वेतनाचा काही भागही मिळतो. यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांसाठी यासारखे स्वस्त संरक्षण दुसरे नाही, म्हणून आपला विमा क्रमांक सुरू आहे की नाही हे दर सहा महिन्यांनी तपासावे. घरी विड्या वळणाऱ्या किंवा ठेक्यावर माग चालवणाऱ्या अनेकांची मात्र अशी नोंदच नसते; त्यांच्यासाठी वर सांगितलेली जन आरोग्य योजना हाच पहिला आधार. ईएसआय असताना मेडिक्लेम घ्यायला हरकत नाही, पण आधी हातात आहे ते नीट वापरून पाहावे.

मधुमेह आहे हे सांगितले तर हप्ता वाढेल. न सांगितले तर?

तर चार वर्षे हप्ता भरूनही वेळेला काही मिळणार नाही, अशी शक्यता आपण स्वतःच विकत घेता. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने प्रतीक्षा करायला लावू शकते; एप्रिल २०२४ पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, सांधे बदलणे अशा ठरावीक आजारांनाही वेगळी प्रतीक्षा असते, आणि अपघात सोडला तर पहिल्या ३० दिवसांत सहसा काहीच मिळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात मुतखड्याने तळमळत आलेला आणि चार महिन्यांपूर्वीच पॉलिसी काढलेला रुग्ण दर वर्षी एखादा तरी भेटतोच; त्याला ‘यंदा मिळणार नाही’ हे सांगणे हे खिडकीच्या आतले सर्वांत नकोसे काम होते.

सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाल्यास मात्र येतो. पण ही पाच वर्षे अखंड लागतात. हप्ता थकला तर वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची आणि मासिक हप्त्यासाठी १५ दिवसांची सवलत असते. ती उलटली की सारी प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. अर्जावर मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सारे लिहावे आणि एजंटने ‘असू द्या, मी भरतो’ म्हटले तरी भरलेला अर्ज स्वतः वाचून मगच सही करावी.

हप्ताच इतका वाढला आहे की विमा परवडत नाही. काय करावे?

हप्ता हाही उपचारांवरचाच खर्च आहे, फक्त आधी भरलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला आहे. नोकरीतल्या समूह विम्याला ही सूट नाही. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत हप्त्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत, आणि ज्येष्ठांसाठी पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. हप्ता रोखीने भरलेला नसावा. तरीही झेपत नसेल, तर पॉलिसी बंद करण्यापेक्षा विमा रक्कम कमी करावी किंवा थोडा को-पे स्वीकारावा. बंद केलेली पॉलिसी साठीनंतर पुन्हा काढायला गेल्यावर नवी प्रतीक्षा आणि नव्या तपासण्या वाट पाहत असतात.

बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या यांचे पैसे मिळतात का?

साध्या पॉलिसीत नाही. चोवीस तास ॲडमिट असणे ही मूळ अट आहे; मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे एका दिवसाचे उपचार तिला अपवाद आहेत. ॲडमिशनशी संबंधित आधीच्या आणि नंतरच्या तपासण्या व औषधे ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात, ‘आरोग्य संजीवनी’त ३० आणि ६० दिवसांपर्यंत. कॅशलेस झाले म्हणजे सारे संपले असे समजून हा क्लेम करायचा बहुतेकांचा राहूनच जातो. मेडिकलच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात.

नोकरीतला समूह विमा आणि स्वतःची पॉलिसी, दोन्ही असतील तर?

पहिला क्लेम कोणत्या पॉलिसीत करायचा हे आपण ठरवू शकता आणि उरलेली मान्य रक्कम दुसरीतून मागू शकता. एकूण मिळणारी रक्कम मात्र खर्चाहून अधिक होणार नाही. समूह विम्यात बहुधा प्रतीक्षा नसते, म्हणून आधी तो वापरावा, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीतला क्लेम न केल्याचा बोनसही शाबूत राहतो.

विमाही नाही आणि योजनेतही बसत नाही. खासगी रुग्णालयात सवलत मिळते का?

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर मिळू शकते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज करावा.

क्लेम नाकारला किंवा भरमसाठ कापला, तर कोठे जावे?

आधी कंपनीकडून नाकारण्याचे कारण पॉलिसीच्या नेमक्या अटीसह लेखी मागावे. दावे पडताळणाऱ्या समितीच्या मान्यतेशिवाय कंपनीला दावा नाकारता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूर जिल्हा पुणे येथील लोकपालाच्या कक्षेत येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच.

तक्रारीसोबत पॉलिसीची पूर्ण प्रत, तपशीलवार बिल, डिस्चार्ज कार्ड, पूर्वमंजुरीची व कपातीची पत्रे जोडावीत. डिस्चार्ज कार्डावर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ असे कोणी चुकून लिहिले असेल आणि खरे निदान दोनच वर्षांपूर्वीचे असेल, तर ती दुरुस्ती डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी रुग्णालय सोडण्यापूर्वीच करून घ्यावी. आठवड्याने परत गेल्यावर ज्या डॉक्टरांनी ते लिहिले, ते बहुधा दुसऱ्या वॉर्डात गेलेले असतात आणि कागद रेकॉर्ड रूममध्ये.